मतमोजणीच्या दिवशी केंड्रिक

२२ नोव्हेंबर २०२४ च्या शुक्रवारी अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ हा अल्बम कोणतीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध झाला, तेव्हा मी नाशिकला आईबाबांकडे होते. दोनच दिवस आधी विधानसभेचे मतदान झाले होते, माझे नाव अजूनही तिथल्याच मतदार यादीत आहे, आणि आलीच आहेस तर निकाल पाहूनच जा, असा बाबांचा आग्रह होता. त्यामुळे शनिवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मतमोजणीची पहिली फेरी चालली होती, बाबांच्या मांडीवर मतदारसंघांची यादी छापलेले वर्तमानपत्र होते आणि हातात लाल पेन, आई मटार सोलत होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत कानांवर हेडफोन चढवून मी बसले होते. अल्बममधल्या सातव्या गाण्याचे नाव ‘टीव्ही ऑफ’ असे आहे. ते सुरू झाले तेव्हा आमच्या टीव्हीवर तीन माणसे एकाच वेळी बोलत होती.

पहिल्या ऐकण्यात मला हा अल्बम आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. बारा गाणी, जेमतेम ४४ मिनिटे, बहुतेक ठिकाणी नाचता येईल असा ठेका आणि शब्दांत फुशारकी. ज्या माणसाने अडीच वर्षांपूर्वी ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’मध्ये स्वतःला सोलून काढले होते, तो आता पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून शड्डू ठोकतो आहे, अशी माझी समजूत झाली आणि मला थोडे वाईट वाटले. ती समजूत बदलायला बरेच आठवडे लागले. आजही ती पूर्ण बदललेली नाही, आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

केंड्रिकचा जन्म १७ जून १९८७ चा. माझाही त्याच वर्षीचा. समवयस्क कलावंताचे काम ऐकताना त्याच्या वाढीबरोबर आपलीही पायरी आपण नकळत मोजत असतो, आणि हे मोजमाप फारसे निष्पक्ष नसते, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

२०१२ च्या ऑक्टोबरात त्याचा ‘गुड किड, मॅड सिटी’ आला तेव्हा मी पुण्यात पहिल्या नोकरीत होते आणि कंपनीच्या बसमध्ये रोज येऊनजाऊन अडीच तास माझ्या हाताशी असत. कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचे, त्या महानगराला चिकटलेले पण स्वतंत्र नगरपालिकेचे गाव आहे. केंड्रिकचे आईवडील १९८४ च्या सुमारास शिकागो सोडून तिथे आले. या अल्बममध्ये तिथला एक सतरा वर्षांचा मुलगा आईची गाडी घेऊन एका मुलीला भेटायला जातो आणि वेळेवर परत येत नाही. गाण्यांच्या मधून त्या आईचे फोनवरचे निरोप ऐकू येतात, गाडी केव्हा आणतोस म्हणून ती वैतागलेली असते, आणि मागून बापाचे वेगळेच चालू असते, त्याच्या डॉमिनोच्या सोंगट्या सापडत नाहीत. तेवढ्या वेळात तिकडे मुलाच्या मित्राचा भाऊ गोळीला बळी पडलेला असतो. घरातली कटकट आणि रस्त्यावरचा मृत्यू एकाच संध्याकाळी घडतात आणि घराला त्याचा पत्ता नसतो, ही मांडणी मी आधी कुठल्या गाण्यांत ऐकली नव्हती. अल्बमच्या वेष्टनावर त्याने या कामाला ‘लघुपट’ म्हटले होते, आणि ते शोभेसाठी नव्हते.

मग २०१५ च्या मार्चमध्ये ‘टु पिंप अ बटरफ्लाय’ आला. त्याच्या आदल्या वर्षी तो दक्षिण आफ्रिकेला जाऊन आला होता, रॉबेन बेटावरची मंडेलांची कोठडी पाहून आला होता, आणि परतल्यावर त्याने हाताशी असलेले पुष्कळसे काम बाजूला ठेवले. थंडरकॅट, टेरेस मार्टिन, कामासी वॉशिंग्टन, रॉबर्ट ग्लास्पर अशी जॅझमधली माणसे त्याने गोळा केली. दोन गाण्यांच्या मध्ये एक कविता येते, ती दर खेपेला एकदोन ओळींनी वाढत जाते, आणि अगदी शेवटी कळते की तो ती तुपाक शकूरला वाचून दाखवत होता, म्हणजे १९९६ साली मारल्या गेलेल्या रॅपरला. तुपाकची उत्तरे १९९४ च्या एका स्वीडिश रेडिओ मुलाखतीतून घेतलेली आहेत. या अल्बममधले ‘ऑलराइट’ हे गाणे त्याच वर्षी अमेरिकेत पोलिसी अत्याचारांच्या विरोधातल्या मोर्च्यांत घोषणेसारखे म्हटले जाऊ लागले. १९७२ साली ज्या मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, तिथल्या लोकांना हे गाणे कशाबद्दल आहे ते समजावून सांगावे लागले नाही, एवढे मी माझ्या मित्रमंडळींवरून म्हणू शकते.

२०१७ चा ‘डॅम’ मी एरवी घाईने ओलांडला असता, पण त्याचे शेवटचे गाणे ‘डकवर्थ’ सोडून जाता येत नाही. अँथनी टिफिथ, म्हणजे पुढे ज्याच्या संगीत कंपनीने केंड्रिकला पुढे आणले तो माणूस, तरुणपणी एक केएफसी लुटण्याच्या बेतात होता आणि काउंटरवर केंड्रिकचे वडील होते. वडिलांनी या माणसाचा रागरंग ओळखून त्याला आधीपासूनच फुकट कोंबडी आणि दोन जादा बिस्किटे द्यायला सुरुवात केली होती. त्या बिस्किटांमुळे गोळी झाडली गेली नाही. ती झाडली गेली असती तर टिफिथ तुरुंगात गेला असता, मुलगा बापाविना वाढला असता, आणि हे गाणेही झाले नसते. या अल्बमला २०१८ चे संगीताचे पुलित्झर मिळाले. अभिजात आणि जॅझ संगीताच्या बाहेर ते तोवर कधी गेले नव्हते.

आता ‘मिस्टर मोराल’. तो मे २०२२ मध्ये आला, १८ गाण्यांचा, दोन भागांत. मुखपृष्ठावर डोक्यावर काट्यांचा मुकुट आणि कंबरेला पिस्तूल अडकवलेला केंड्रिक, कडेवर लहान मूल. मधल्या वर्षांत लोकांनी त्याला जवळजवळ प्रेषित करून टाकले होते आणि या अल्बममध्ये तो तो मुकुट उतरवून ठेवतो. आपण कोणाचे तारणहार नाही, असे तो एका गाण्यात सरळ बजावतो. ‘मदर आय सोबर’ या गाण्यात तो लहानपणी घरच्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल बोलतो: नात्यातल्या अमक्या मुलाने तुला हात लावला का? तो नाही म्हणतो, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण त्या विचारणाऱ्या आईच्या स्वतःच्या शरीरावर जुन्या जखमा असतात. मग तो स्वतःच्या व्यभिचाराची कबुली देतो. आवाज जवळजवळ पुटपुटल्यासारखा आहे, मागे बेथ गिबन्स गाते आहे. हे गाणे मी वर्षातून एकदोनदाच ऐकू शकते. त्याच अल्बममध्ये त्याने कोडॅक ब्लॅक या रॅपरला मानाचे स्थान दिले, ज्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप होता आणि ज्याने अखेरीस हल्ल्याच्या सौम्य गुन्ह्याची कबुली दिली होती. पडलेल्या माणसालाही जागा असावी, हा केंड्रिकचा मुद्दा मला कळतो. पण एका गाण्यात बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुखण्याबद्दल रडायचे आणि पलीकडच्या गाण्यात हा पाहुणा बसवायचा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

तरीही माझ्या लेखी तो त्याचा सर्वांत धाडसी अल्बम आहे. म्हणून ‘जीएनएक्स’ ऐकताना मला तो मागे फिरल्यासारखा वाटला.

मधल्या काळात अर्थातच २०२४ ची ती झुंज झाली होती. मार्चमध्ये ‘लाइक दॅट’ या दुसऱ्यांच्या गाण्यात येऊन केंड्रिकने, आपण, ड्रेक आणि जे. कोल अशी बरोबरीच्या तिघा रॅपरांची रांग लावणे मान्य नसल्याचे सांगितले. कोलने एक उत्तर दिले आणि काही दिवसांत भर मैफलीत माफी मागून तो बाजूला झाला. ड्रेक झाला नाही. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी एकमेकांवर गाण्यांमागून गाणी सोडली, त्यांतले काही प्रहार तर तासाभराच्या अंतराने पडले. ज्या भाषेत कलगी-तुऱ्याचे फड रंगले, तिच्या माणसांना शब्दांच्या या कुस्तीचे नवल वाटू नये. सवाल टाकायचा, समोरच्याने तो त्याच तालात परतवायचा, आणि कोण निरुत्तर झाले ते जमलेल्या लोकांनी ठरवायचे. लोकांनी ठरवले. ४ मे रोजी आलेल्या ‘नॉट लाइक अस’ने निकाल लागला, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या एकाच गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले. त्या गाण्यात ड्रेकवर अत्यंत गंभीर आरोप आहेत, ते ड्रेकने फेटाळले आहेत, आणि लग्नाच्या वरातीत वाजावे तसे ते गाणे जगभर वाजत असताना माझ्या पोटात कुठेतरी ढवळत होते. फडात सगळे माफ असते, हे मला पूर्णपणे मान्य होत नाही.

‘जीएनएक्स’ची सुरुवात मात्र इंग्रजीत होत नाही. पहिला आवाज येतो तो देइरा बारेरा या मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) गायिकेचा, स्पॅनिशमधला. रात्री कोणाची तरी चाहूल लागून डोळ्यांत पाणी यावे, अशा आशयाच्या दोनतीन ओळी ती लांबवून, गळ्यातून ओढून गाते. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा मेक्सिकोत जन्मलेला जुना बेसबॉलपटू फर्नांडो व्हॅलेन्झुएला ऑक्टोबरच्या २२ तारखेला वारला होता. त्यानंतर तीनच दिवसांनी डॉजर्सच्या मैदानावर त्याला आदरांजली वाहताना ही बाई गायली, ते केंड्रिकने ऐकले आणि तिला बोलावून घेतले. महिन्याभरात ती अल्बममध्ये होती, एकूण तीन गाण्यांत. बाबांना दाखवायला म्हणून मी हेडफोनची वायर काढून फोनवर सुरुवात वाजवली, कारण एका फेरीचे आकडे अडले होते आणि टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या.

“ही बाई कोण गं? कुठली भाषा?” बाबांनी विचारले.

मी सांगितले.

“छान गळा आहे. आता हीच गाणार ना?”

नाही, असे म्हणेपर्यंत केंड्रिक सुरू झाला होता आणि बाबांचे डोळे परत टीव्हीकडे गेले होते.

बाबांची निराशा मला त्या वेळी गमतीची वाटली. नंतर मात्र त्या आवाजाचे त्या जागी असणे मला जास्त जास्त पटत गेले. आजच्या कॉम्प्टनमध्ये बहुसंख्य लोक लॅटिनो आहेत. केंड्रिकच्या लहानपणीचे गाव आता तसे राहिलेले नाही आणि २०१२ च्या अल्बममध्ये हा आवाज नव्हता. या अल्बममध्ये लेफ्टी गनप्ले आणि पेसो यांच्यासारखे लॅटिनो रॅपर आहेत, डोडीसिक्स, एझीचाइक, हिट्टा जेथ्री अशी लॉस एंजेलिसच्या परिसराबाहेर फार कोणी न ऐकलेली नावे आहेत. शीर्षकगीतात तीन स्थानिक रॅपरांना भरपूर जागा आहे आणि केंड्रिक त्यांच्या अधूनमधून येतो. ज्याच्या एका कडव्यासाठी मोठमोठे लोक वाट पाहतात, त्याने स्वतःच्या अल्बमच्या नावाच्या गाण्यात अंग चोरून बसावे, ही गोष्ट पहिल्या ऐकण्यात मला आळस वाटली होती. ती जाणूनबुजून केलेली निवड आहे हे मला उशिरा कळले. तो गावाबद्दल बोलत नाही, गावालाच बोलायला लावतो.

पहिल्या गाण्यात, ‘वॅक्ड आउट म्युरल्स’मध्ये, त्याचे एक भित्तिचित्र कोणीतरी विद्रूप केल्याची बातमी आहे. मग तक्रारींची यादी सुरू होते. न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतराचा कार्यक्रम त्याला मिळाला म्हणून तिथलाच रॅपर लिल वेन दुखावला, अभिनंदन फक्त नासने केले, आणि ड्रेकचे आपल्याविरुद्धचे गाणे स्नूप डॉगने समाजमाध्यमावर टाकले. एवढे सगळे जिंकलेला माणूस विजयाच्या दुसऱ्या दिवशी कोण आले नाही याची नोंद ठेवतो आहे. आपल्याकडे लग्नानंतर आहेराची वही घेऊन बसतात तसे! मला हे क्षुद्र वाटले. अजूनही वाटते. पण ते लपवलेले नाही, आणि याच क्षुद्रपणाचा हिशेब पुढे सहाव्या गाण्यात मागितला जातो.

ते गाणे ‘रीइनकार्नेटेड’, म्हणजे पुनर्जन्म घेतलेला. हे एक गाणे नसते तर मी या अल्बमवर लिहिले नसते. ठेका तुपाकच्या एका जुन्या गाण्यावरून घेतलेला आहे, आणि केंड्रिकने शब्द फेकण्याची लकबही तुपाकची उचलली आहे, म्हणजे पुनर्जन्माचा विषय आवाजातच सुरू होतो. पहिल्या जन्मात तो १९४० च्या दशकातला एक गिटारवादक असतो. बापाचे ऐकत नाही म्हणून घराबाहेर काढला गेलेला, पुढे गिटारीवर नाव आणि पैसा कमावलेला, लोकांशी खोटे बोललेला, आणि हावरेपणाने संपलेला. दुसऱ्या जन्मात तो एक काळी गायिका असतो, वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या नाट्यगृहांत गाणारी, देवदूतासारखा गळा लाभलेली, आणि अखेर हेरॉइनच्या सुईने गेलेली. जाणकारांनी पहिल्यात जॉन ली हुकर आणि दुसरीत बिली हॉलिडे ओळखली आहे. नावे केंड्रिक घेत नाही, आणि घेतली नाहीत तेच बरे झाले, कारण चरित्राशी ताडून पाहण्यापेक्षा या दोन माणसांचे एकच दुखणे ऐकू येणे महत्त्वाचे आहे. दोघांनाही देणगी मिळाली होती आणि दोघांनीही ती स्वतःची मानली.

तिसरा जन्म म्हणजे केंड्रिक लमार स्वतः. इथे तो बापाशी बोलू लागतो. हा बाप केएफसीतला नव्हे, आकाशातला, आणि सूर एखाद्या मुलाने प्रगतिपुस्तक पुढे करून या वेळी तरी बरोबर जमले का, असे विचारावे तसा आहे. तो आपली चांगली कामे मोजून दाखवतो. दानधर्म केला, लोकांची मने शांत केली, शंभर वस्त्यांना एका मंचावर आणले. हे शेवटचे खरेच घडलेले आहे. १९ जून २०२४ ला, काळ्या लोकांच्या गुलामगिरीतून मुक्ततेच्या दिवशी, इंगलवुडच्या सभागृहात त्याने परस्परांचे वैरी असलेल्या टोळ्यांमधली माणसे एकत्र उभी केली होती आणि ‘नॉट लाइक अस’ लागोपाठ पाच वेळा वाजवले होते. बाप सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, पण तुला युद्ध आवडते. मुलगा म्हणतो, नाही. बाप म्हणतो, आवडते. या दोन माणसांच्या वादात ठेका एकदाही थांबत नाही, वाक्ये अर्ध्यावर कापून एकमेकांत घुसतात, आणि एकाच घशातून दोघे बोलत असूनही कोण कोण आहे याचा घोटाळा होत नाही. मग उलगडते की हा मुलगा म्हणजे ल्युसिफर, स्वर्गातून ढकलला गेलेला, एके काळी तिथल्या संगीताचा प्रमुख असलेला. बायबलातल्या यशया या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाचा थेट उल्लेख आहे.

ज्या वर्षी अख्खे जग त्याला विजेता म्हणत होते, त्या वर्षी त्याने स्वतःला सैतानाच्या जागी बसवले आणि स्वतःच्या सर्वांत लोकप्रिय कृत्याबद्दल बापाच्या तोंडून विचारले की, हे तू शांततेसाठी केलेस की तुला मारामारीची चटक आहे? ‘मिस्टर मोराल’मध्ये कबुली होती, पण तिथे कबुली देणाराच वकील होता, न्यायाधीशही होता, आणि शेवटी त्याची सुटका होत होती. इथे उलटतपासणी आहे आणि साक्षीदार अडखळतो. गाण्याच्या अखेरीस तो सलोख्याचे वचन देतो, सैतानाची गोष्टच आपण फिरवून लिहिली असे म्हणतो. त्यानंतर लगेच येते ते ‘टीव्ही ऑफ’, मस्टर्ड या निर्मात्याने बांधलेले, अंगावर येणारे, मध्येच ठेका बदलून आणखी चढणारे भांडखोर गाणे. वचन दोन मिनिटेही टिकत नाही. गाण्यांचा हा क्रम चुकून लागला असेल असे मला वाटत नाही. त्याने पंचवीस वर्षांचा असताना, ‘गुड किड’मध्ये, प्रार्थनेनंतर मुलाला सुधारलेला दाखवला होता. सदतिसाव्या वर्षी तो प्रार्थनेनंतरचा माणूस जसा असतो तसा दाखवतो.

बाकीच्या गाण्यांबद्दल थोडक्यात. ‘ल्यूथर’मध्ये ल्यूथर व्हॅन्ड्रॉस आणि शेरिल लिन यांचे १९८२ चे युगुलगीत मागे वाजत राहते आणि पुढे केंड्रिक व गायिका सिझा एकमेकांना जग बदलून द्यायचे कबूल करतात. या गोड, जरा आळसावलेल्या गाण्याने २०२५ मध्ये अमेरिकी यादीत १३ आठवडे पहिला क्रमांक धरून ठेवला. ‘मॅन ॲट द गार्डन’ हळू आवाजात सुरू होऊन चढत जाते, नासच्या ‘वन माइक’ची ती चाल, आणि त्यात तो हे सगळे मला मिळायलाच हवे, असे इतक्या वेळा म्हणतो की शेवटी ते त्यालाच पटेनासे झाले असावे अशी शंका येते. ‘पीकाबू’ मी सोडून देते. केंड्रिकच्या ‘हार्ट’ या गाण्यांच्या मालिकेतले ‘हार्ट पार्ट सिक्स’ हे नाव ड्रेकने भांडणात पळवले होते, ते केंड्रिकने परत घेतले. पण त्यात भांडणाचा शब्दही नाही, जुन्या कंपनीतल्या दिवसांच्या आठवणी आहेत. जे रॉक, अब-सोल, स्कूलबॉय क्यू आणि तो, अशा चौघांचा एकत्र गट पुढे गेला नाही तो माझ्यामुळे, असे तो सरळ सांगतो. दहा वर्षांपूर्वी हे वाक्य त्याच्या तोंडी आले असते असे वाटत नाही.

शेवटचे ‘ग्लोरिया’ हे एका बाईशी असलेल्या जुन्या, ताणलेल्या, मत्सरी नात्याबद्दल आहे असे वाटत राहते, आणि अखेरीस ती बाई म्हणजे त्याची लेखणी निघते. पुरुष कवींनी आपल्या कवितेला बाई करणे काही नवे नाही आणि मला त्याचा कंटाळा आहे. इथे तो थोडा कमी आला, कारण ही बाई त्याचे बाहेरचे प्रेम सहन करत नाही, त्याला जाब विचारते, आणि सिझाच्या आवाजात स्वतःच्या तोंडाने बोलते.

निर्मितीबद्दल एक सांगायला हवे. जवळजवळ सर्व गाण्यांवर साउनवेव्ह आणि जॅक अँटोनॉफ यांचा हात आहे. पहिला केंड्रिकबरोबर अगदी सुरुवातीपासून असलेला, दुसरा टेलर स्विफ्टबरोबरच्या कामामुळे माहीत असलेला. २०१५ च्या अल्बममध्ये एकेका गाण्यात इतकी वाद्ये होती की कान थकत. इथे ढोल, खालचा खर्ज, एखादी तंतुवाद्यांची लकेर, एवढ्यावर काम भागवले आहे, आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत केंड्रिकचा आवाज गाणेगणिक वेगळा लागतो. ‘हे नाऊ’मध्ये तो कानाजवळ येऊन कुजबुजतो, ‘स्क्वॉबल अप’मध्ये नाकातून बोलतो, ‘रीइनकार्नेटेड’मध्ये खरवडतो. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत या अल्बमची ३,१९,००० प्रतींइतकी विक्री झाली आणि तिथल्या गाण्यांच्या यादीतले पहिले पाचही क्रमांक याच अल्बमने घेतले. ठेक्याच्या जोरावर हे होते असे मी आधी म्हणत असे. आता मी म्हणते की ठेक्याच्या आडून तो अवघड गोष्टी पोचवायला शिकला आहे, आणि हे ‘मिस्टर मोराल’मध्ये त्याला जमले नव्हते. तो अल्बम मी कोणालाही सहज ऐकवू शकत नाही. हा बाबांनाही ऐकवता आला, निदान मुखपृष्ठापर्यंत तरी.

कारण मुखपृष्ठावर गाडी आहे. कृष्णधवल छायाचित्र, ब्युइक कंपनीची १९८७ ची ग्रँड नॅशनल एक्सपेरिमेंटल, तिच्यापुढे केंड्रिक. अल्बमचे नाव तिच्याच आद्याक्षरांचे. बाबांनी ३४ वर्षे एसटीच्या कार्यशाळेत काढली आहेत, त्यामुळे दुपारी निकालाचे चित्र स्पष्ट होऊन टीव्हीवर गुलाल उधळू लागल्यावर त्यांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्र दोन बोटांनी मोठे करून पाहिले.

“इंजिन कितीचं?”

मी शोधून वाचून दाखवले. ३.८ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो, कागदावर २७६ अश्वशक्ती, आणि अशा ५४७ गाड्याच बनल्या.

“बघ ना, दिसायला कारकुनाची गाडी,” बाबा म्हणाले, “आणि ओढ केवढी! ह्याला अक्कल आहे. दुसऱ्या कोणी लाल रंगाची, बिनटपाची घेतली असती.”

केंड्रिकबद्दल त्यांनी उच्चारलेले हे पहिले बरे वाक्य होते.

फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला तो मध्यंतराचा कार्यक्रम झाला, तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. १३ कोटी ३५ लाख लोकांनी तो पाहिल्याचे नंतर जाहीर झाले. अभिनेता सॅम्युएल जॅक्सन अंकल सॅमच्या, म्हणजे अमेरिकेचे प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याच्या, वेशात केंड्रिकला दटावत होता, लाल, पांढऱ्या आणि निळ्या कपड्यांतले नर्तक मिळून अमेरिकेचा झेंडा होत होते आणि केंड्रिक मधोमध उभा राहून तो झेंडा दुभंगत होता. सुरुवातीला तीच काळी गाडी मैदानावर उभी होती, तिच्यावर केंड्रिक, आणि दरवाजे उघडून एकामागून एक नर्तक बाहेर पडू लागले, पाच, दहा, आणखी, थांबेचनात. मी तेवढा तुकडा बाबांना पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला.

“अगं, एवढी माणसं त्या गाडीतून?” बाबा विचारत होते. “ती तर आपली शेवटची सटाणा गाडी झाली.”